मज्जारज्जूच्या इजेनंतरचं मन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली १९ वर्षं मी व्हीलचेअर वापरते. इजा टी-१० ला, म्हणजे छातीच्या भागातल्या दहाव्या मणक्याच्या पातळीला, त्यामुळे बेंबीखाली संवेदना नाही. त्यातली बारा वर्षं नव्याने इजा झालेल्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्यात गेली आहेत. कॅथेटर, गादी, रॅम्प यांबद्दल लोक भरदिवसा विचारतात. मनाबद्दलचे प्रश्न मात्र रात्री साडेअकरानंतर येतात, आणि बरेचदा 'एका मित्रासाठी विचारतोय' असं म्हणून. पुन्हा पुन्हा येणारे तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करायचं, बदलायचं की थांबवायचं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे डिप्रेशन येणारच ना?

नाही. इतरांपेक्षा जास्त जणांना येतं, पण सगळ्यांना येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार इजा झालेल्यांपैकी २० ते ३० टक्के लोकांत नैराश्याची दखल घ्यावी अशी लक्षणं दिसतात. म्हणजे दहातल्या सात-आठ जणांत ती दिसत नाहीत. त्यांना दुःख होत नाही असं नव्हे. राग येतो, झोप उडते, एखादा आठवडा अगदी वाईट जातो. पण हा आजार नव्हे.

'येणारच' असं धरून चालण्यात मोठं नुकसान आहे. खरंच डिप्रेशन आलेल्या माणसाकडे बघूनही सगळे म्हणतात, 'एवढं झाल्यावर उदास असणारच की.' मग उपचारांचं नावच निघत नाही. हे वाक्य मी घरच्यांकडून ऐकलंय आणि पांढरा कोट घातलेल्यांकडूनही. पाय मोडलेल्याला 'पडल्यावर हाड मोडणारच' म्हणून प्लास्टर न घालता कुणी घरी पाठवत नाही.

२. साधी उदासी आणि डिप्रेशन यातला फरक कसा ओळखायचा?

ढोबळ कसोटी अशी: दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर तपासून घ्यायला हवं. साध्या दुःखात मधेमधे उघडीप मिळते. भाचा आला की हसू येतं, मॅच रंगली की तासभर विसर पडतो. डिप्रेशनमध्ये ही उघडीप जाते.

तपासणीसाठी बहुतेक ठिकाणी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात. गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी करतात. आपल्या बाबतीत एक गोची आहे. त्यातले काही प्रश्न झोप, थकवा, भूक आणि हालचाल मंदावणं यांबद्दल आहेत. रात्री दोनदा कूस बदलायला उठावं लागणाऱ्याची झोप मोडणारच. त्यामुळे नुसत्या बेरजेवर जाऊ नका. पहिले दोन प्रश्न (रस नसणं, खिन्नता) आणि स्वतःला कमी लेखण्याचा व मरणाच्या विचारांचा प्रश्न, यांची उत्तरं आधी बघा. पण शरीराचे प्रश्न सरसकट 'इजेमुळे' म्हणून खोडूनही टाकू नका. गेल्या महिन्यात होती त्यापेक्षा झोप बिघडली का, असं विचारलं की बरंच स्पष्ट होतं.

३. धक्का, नकार, राग, मग स्वीकार, असे टप्पे असतात म्हणे. माझा नवरा कोणत्या टप्प्यावर आहे?

कोणत्याच नाही. ते प्रसिद्ध टप्पे १९६९ मध्ये मांडले गेले, तेही मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून. मज्जारज्जूची इजा झालेली माणसं त्या क्रमाने जातात असं सिद्ध झालेलं नाही. एकाच दुपारी नकार, विनोद आणि संताप तिन्ही येऊन जातात.

टप्प्यांपेक्षा प्रसंगांकडे लक्ष द्या. सुरुवातीला आयसीयूत औषधं, नळ्या आणि जागरण यांमुळे डोकं ठिकाणावर नसतं. काहींना भासही होतात. त्यावरून पुढचा अंदाज बांधू नका. रिहॅबमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, दिवस आखलेला असतो, आजूबाजूला सगळेच खुर्चीवर असतात, रोज काहीतरी नवीन जमतं. खरी कसोटी घरी आल्यावर लागते.

मी घरी आले त्या संध्याकाळी कळलं की बाथरूमचं दार माझ्या खुर्चीपेक्षा चार बोटं अरुंद आहे. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर एकटीने जायला मी तीन महिने घासून शिकले होते. इथे दोघांनी काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून मला उचलून आत नेलं. दार लोटून घेतलं, नळ पूर्ण सोडला आणि रडले. इजेला तेव्हा पाच महिने झाले होते आणि तोवर मी इतकी एकदाही रडले नव्हते. म्हणून डिस्चार्जनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक मानसिक तपासणी आधीच ठरवून ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. आणि दाराचं माप डिस्चार्जच्या आधी घ्या.

४. भाऊ अजून एकदाही रडला नाही, उलट चेष्टामस्करी करतो. दाबून ठेवतोय का?

असेलही, पण बहुतेक वेळा तसं नसतं. इजेनंतर काही वर्षं लोकांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत सर्वांत जास्त माणसं 'फार खचली नाहीत' याच गटात सापडतात. काही जण आधी खचून नंतर सावरतात, थोडे जण दीर्घकाळ खचलेले राहतात, आणि एका लहान गटात त्रास उशिरा सुरू होतो. जुन्या काळी 'रडला नाही म्हणजे सत्य स्वीकारलेलं नाही' असं समजून लोकांना रडवायचे प्रयत्न होत. तसं करू नका.

बघायचं ते वेगळं. तो स्वतःची काळजी शिकतोय का? त्वचा तपासतो का? पुढच्या महिन्याबद्दल बोलतो का? हे सगळं होत असेल तर मस्करी ही मस्करीच आहे. मस्करी चालू आहे, पण कॅथेटर कसा घालायचा हे शिकायला तयार नाही, 'मला त्याची गरज लागणार नाही' म्हणतो, तर प्रश्न १२ वाचा.

५. मानेतली इजा असली तर मानसिक त्रास कमरेच्या इजेपेक्षा जास्त होतो का?

सगळ्यांना तसंच वाटतं, पण इजेची पातळी आणि नैराश्य यांचा संबंध बराच कमकुवत निघतो. जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टी या: सततचं दुखणं, वारंवार होणारे बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) आणि लघवीचा संसर्ग, इजेआधी डिप्रेशन किंवा व्यसन असणं, एकटेपणा, आणि घराबाहेर पडता येतं की नाही. फक्त हनुवटीने खुर्ची चालवणारा, पण नोकरी करणारा, चार मित्र असलेला माणूस मला ठाऊक आहे. दोन्ही हात धडधाकट असून जिना उतरता येत नाही म्हणून चार वर्षं तिसऱ्या मजल्यावर अडकलेलाही ठाऊक आहे. कोण जास्त खचलेला असेल ते सांगायला नको.

६. शरीराची संवेदना गेली तर भावनाही बोथट होतात का?

हा प्रश्न जुना आहे. भावना म्हणजे शरीरातल्या बदलांची जाणीव, असं विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये मांडलं होतं. ते खरं असेल तर आपल्या भावना कमी व्हायला हव्यात. १९६६ मध्ये जॉर्ज होमन या मानसशास्त्रज्ञाने मज्जारज्जूची इजा झालेल्या २५ पुरुषांना विचारलं. राग आणि भीती पूर्वीइतकी तीव्र वाटत नाही, असं त्यांतल्या अनेकांनी सांगितलं. होमन स्वतः पॅराप्लेजिक, म्हणजे दोन्ही पाय लुळे असलेले होते, त्यामुळे या निष्कर्षाला वजन आलं. पण नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही. बहुतेकांच्या भावना पूर्वीइतक्याच, काहींच्या जास्तच तीव्र आढळल्या.

भीती वाटते पण पोटात गोळा येत नाही, असं काही जण सांगतात. तो अनुभव खरा आहे. मात्र प्रेम, राग, आनंद सगळंच सपाट झालंय असं वाटत असेल तर त्याचा दोष मज्जारज्जूवर ढकलू नका. ते डिप्रेशनचं लक्षण असू शकतं किंवा औषधाचा परिणाम (प्रश्न ८ आणि १०).

७. सवय व्हायला किती वर्षं लागतात?

ठरावीक आकडा नाही. बऱ्याच जणांना पहिलं-दुसरं वर्ष जड जातं आणि पुढे हळूहळू बरं वाटू लागतं. पण हा आलेख सरळ चढत नाही. मधे एखादा बेडसोर, घटस्फोट किंवा नोकरी जाणं आलं की तो घसरतो.

'लॉटरी लागलेला आणि लुळा झालेला, वर्षभराने दोघं सारखेच आनंदी असतात' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते १९७८ च्या एका अमेरिकी अभ्यासाच्या नावावर खपवलं जातं. त्या अभ्यासात असं नव्हतंच. अपघातात पक्षाघात झालेले २९ जण होते. पाचपैकी त्यांच्या आनंदाची सरासरी २.९६ आली आणि इतरांची ३.८२. म्हणजे लोकांना वाटतं तितके ते दुःखी नव्हते, पण फरक होता. नंतरच्या दीर्घकालीन अभ्यासांतही मोठ्या अपंगत्वानंतर समाधान पूर्णपणे पूर्वपदाला येतंच असं नाही, हेच दिसलं. म्हणून 'काळ जाऊ दे, आपोआप होईल' हा सल्ला मला पटत नाही. त्या काळात दुखणं आटोक्यात आलं का, दार रुंद झालं का, कमाई सुरू झाली का, यावर बरंच अवलंबून असतं.

८. अचानक घाबरल्यासारखं होतं, डोकं ठणकतं, घाम फुटतो. हा पॅनिक अटॅक का?

इजा टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर आधी ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया समजून वागा. इजेखाली काहीतरी टोचतंय, तुंबलंय, पण ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही आणि रक्तदाब भराभर चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम येतो, आणि काहीतरी भयंकर होणार अशी भीती वाटते. ती भीती अगदी पॅनिकसारखीच असते. ताबडतोब ताठ बसा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, कॅथेटर मुडपलाय का बघा, मूत्राशय रिकामं करा. मग शौच अडकलंय का, कुठे दाब किंवा जखम आहे का ते तपासा. या लोकांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० च्या आसपास असतो. त्यामुळे १४० हा आकडा इतरांना साधा वाटला तरी तुमच्यासाठी धोक्याचा असू शकतो. उतरला नाही तर लगेच इमर्जन्सी गाठा, आणि 'टेन्शन घेतलंय' असं सांगून घरी पाठवू लागले तर हटू नका.

मनाचं वाटणारं पण शरीरात सुरू होणारं आणखीही बरंच आहे. दोन दिवसांत एकदम मरगळ, चिडचिड, गोंधळलेपण आलं तर लघवीचा संसर्ग बघा. ताप नंतरही येतो. क्वाड्रिप्लेजियात, म्हणजे मानेतल्या इजेने हातपाय दोन्ही लुळे झाले असतील तर, झोपेत श्वास अडण्याचं, म्हणजे स्लीप ॲप्नियाचं प्रमाण फार मोठं आहे. आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड, दिवसभर लक्ष लागत नाही, अशी तक्रार असेल तर झोपेची तपासणी मागा. शिवाय मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक तयार करण्याचा संदेश मेंदूकडून मानेतून छातीपर्यंत खाली जातो आणि मग परत वर येतो. मानेतली इजा पूर्ण असेल, म्हणजे इजेखाली संवेदना-हालचाल काहीच उरली नसेल, तर ही वाटच तुटते आणि रात्री मेलाटोनिन वाढत नाही. पाच वर्षं 'विचार करतोस म्हणून झोप येत नाही' असं ऐकून घेतलेल्या एका मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही.

बसल्यावर रक्तदाब घसरणं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी होणं आणि पाय आखडू नयेत म्हणून घेतलेलं बॅक्लोफेन, यांनीही थकवा आणि सुस्ती येते. पण बॅक्लोफेन स्वतःहून एकदम बंद करू नका. भास, झटके, तीव्र ताप इथपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

९. जिथे काही जाणवत नाही तिथेच पाय जळतात. डॉक्टर म्हणाले मनाचे खेळ आहेत. खरंय?

खोटंय. त्याला न्यूरोपॅथिक वेदना म्हणतात. इजा झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना ती असते. तुटलेल्या वाटेवरच्या नसाच चुकीचे संदेश देत राहतात. वेदना आणि मन एकमेकांना ओढतात हे मात्र खरं. दुखलं की झोप जाते, झोप गेली की मन खचतं, मन खचलं की तेवढीच वेदना जास्त बोचते. म्हणून दोन्हींवर उपचार एकदमच हवेत. 'आधी डिप्रेशन बरं करू, मग वेदनेचं बघू' असं सांगणारा डॉक्टर असेल तर मी दुसरं मत घेईन.

१०. डिप्रेशनच्या गोळ्या आपल्याला चालतात का?

चालतात, पण मानसोपचारतज्ज्ञाला इजेची पूर्ण माहिती द्या. त्यांच्या बहुतेक रुग्णांना कॅथेटर नसतो. नेहमीच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी काहींचे पाय जास्त आखडतात. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या नसांच्या वेदनेवरही काम करतात, पण बद्धकोष्ठता वाढवतात, लघवी अडवतात आणि रक्तदाब पाडतात. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी आधीच नाजूक असतात. डोक्यालाही मार लागला असेल तर बुप्रोपिऑनबद्दल आवर्जून विचारा, कारण त्याने फिट येण्याची शक्यता वाढते.

मज्जारज्जूची इजा झालेल्यांवरच केलेली एक चांगली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १२ आठवडे व्हेन्लाफॅक्सिन दिलं होतं. खिन्नता, अपराधीपणा अशी गाभ्याची लक्षणं कमी झाली. झोप-थकवा धरून मोजणाऱ्या मोजपट्टीवर मात्र फरक तितका स्पष्ट दिसला नाही. प्रश्न २ मधली गोची ती हीच.

परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देणारे फार भेटतात.

११. गोळ्यांशिवाय कशाने फरक पडतो?

विचार आणि वागण्याची घडी बदलणाऱ्या सीबीटी या समुपदेशनाचा उपयोग होतो. त्याचाच एक साधा भाग म्हणजे मन लागो न लागो, दिवसात एक ठरलेली गोष्ट करायची आणि नंतर मनाची नोंद करायची. आधी उत्साह येईल मग बाहेर पडेन, असं म्हणून बसलं तर उत्साह येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्यासारखाच, पण आपल्यापेक्षा पाच-दहा वर्षं पुढे असलेला माणूस. मला पहिल्यांदा धीर आला तो एका बाईने स्वतःची खुर्ची गाडीत कशी चढवली ते बघून. ती माझ्याशी धीराचं एक अक्षर बोलली नव्हती. चाकं काढली, शेजारच्या सीटवर टाकली, सांगाडा मांडीवरून पलीकडे नेला आणि घड्याळ बघून म्हणाली, 'उशीर झाला.'

तिसरी गोष्ट काम आणि खेळ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे मज्जारज्जू विभाग सुरू केला, तेव्हा अशा रुग्णांना पडून राहण्याखेरीज काही नसे. त्यांनी त्यांना कामाला आणि खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथे १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पॅरालिंपिक त्यातूनच आलं. तुम्ही तिरंदाजी करा असं म्हणत नाही. पण आठवड्यातून दोनदा घराबाहेर जाण्यासारखं काहीतरी हवंच.

१२. पुन्हा चालता येईल ही आशा सोडायची का? घरच्यांनी खरं सांगावं का?

खरं सांगावं, पण थोडं थोडं, तो विचारेल तसं. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत होते, मग वेग मंदावतो, आणि दीड-दोन वर्षांपर्यंत थोडंफार परत येऊ शकतं. इजा अपूर्ण असेल तर शक्यता जास्त. हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. घरातल्या सगळ्यांना माहीत आणि फक्त त्यालाच नाही, असं नाटक फार दिवस टिकत नाही. उघडकीला आल्यावर तो तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

आशेचं म्हणाल तर ती मी कुणाला सोडायला सांगत नाही. मात्र 'चालायला लागलो की शिक्षण पुरं करू, मग बाथरूम बदलू, मग मित्रांना भेटू' असं सुरू झालं की सावध व्हा. आशा राहू दे, पण बाथरूम आत्ताच बदला.

१३. 'यापेक्षा मेलो असतो तर बरं' असं तो म्हणतो. काय करू?

विषय बदलू नका, आणि 'असं बोलू नये' म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार मनात येतो का? काही ठरवलंयस का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. 'हो, ठरवलंय' असं उत्तर आलं तर त्याला एकटं सोडू नका. औषधांचा साठा आणि घातक वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, इमर्जन्सी विभाग किंवा तुमच्या भागातली संकटकालीन हेल्पलाइन गाठा. हे विचार तुम्हाला स्वतःलाच येत असतील तर आत्ता, हे पान बाजूला ठेवून, कुणाला तरी फोन करा. नीट शब्द सापडले नाहीत तरी चालेल.

मज्जारज्जूच्या इजेनंतर आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा काही पटींनी जास्त आहे आणि पहिली पाच वर्षं जास्त धोक्याची आहेत. न बोलता दिलेले इशारेही ओळखा. दाब घालवायला उचलून बसणं सोडलं, पाणी पिणं कमी केलं, जखम दिसूनही सांगितली नाही, हा आळस नसूही शकतो.

अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असं म्हणणाऱ्यांना मी एक जुनी पाहणी सांगते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांतल्या कर्मचाऱ्यांना विचारलं होतं की तुम्हाला मानेतली अशी इजा झाली तर जिवंत असल्याचा आनंद वाटेल का? १८ टक्के 'हो' म्हणाले. खरोखर अशी इजा घेऊन जगणाऱ्यांत मात्र ९२ टक्के 'हो' म्हणाले. आज जे कल्पनेत दिसतंय ते तीन वर्षांनी तसंच दिसेल असं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण हे सांगणं म्हणजे उपचार नव्हेत. उपचार हवेतच.

१४. आमच्यात पूर्वीसारखं काही राहिलं नाही. हे डिप्रेशनमुळे की इजेमुळे?

बहुधा दोन्हींमुळे, शिवाय तिसरं एक कारण असतं ते कुणी बोलत नाही. जो जोडीदार सकाळी तुमचं पोट साफ करून देतो, त्यालाच रात्री जोडीदार व्हायला जड जातं. शक्य असेल तिथे अंगाची कामं तिसऱ्या माणसाकडे द्या. इच्छा साधारण राहते, शरीराची प्रतिक्रिया बदलते आणि त्यावर उपाय आहेत. बायकांची पाळी काही महिन्यांत परत येते आणि गर्भधारणा होऊ शकते. डॉक्टर स्वतःहून हा विषय काढत नाहीत, तुम्ही काढा.

१५. सगळे त्याची चौकशी करतात. मी, काळजी घेणारी, मात्र संपलेय. माझं काय?

हा प्रश्न बायका आणि आया विचारतात, आणि आधी माफी मागतात. काळजी घेणाऱ्यांतही नैराश्य भरपूर आढळतं. प्रश्न २ मधली कसोटी तुम्हालाही लागू आहे. आठवड्यातले ठरलेले काही तास दुसऱ्याने सांभाळायचे आणि त्या वेळात तुम्ही औषधाच्या दुकानात जायचं नाही. रात्री कूस बदलायचं काम दोघांत वाटून घ्या किंवा चांगली गादी घेऊन अंतर वाढवता येतं का, ते विचारा. सलग झोप मिळेपर्यंत बाकी कुठलाही सल्ला तुमच्या डोक्यात शिरणार नाही.

१६. अपघातापासून तो चिडका झालाय, विसरतो, एकदम भडकतो. हे डिप्रेशनच ना?

असू शकतं, पण ज्या धक्क्याने मणका मोडला त्याने डोक्यालाही मार बसलेला असू शकतो. मणक्याच्या गडबडीत मेंदूची सौम्य इजा नजरेतून सुटते. अपघाताच्या आधीचं-नंतरचं आठवत नाही, एकाच वेळी दोन गोष्टी जमत नाहीत, आवाजाने त्रास होतो, अशी लक्षणं असतील तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या इजेचा स्मृती-वागण्यावरचा परिणाम तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून) तपासणी करून घ्या. सूचना लिहून देणं, एका वेळी एकच काम सांगणं, एवढ्यानेही घरातली भांडणं कमी होतात. अपघाताची दृश्यं डोळ्यांसमोर येणं, गाडीत बसायलाच नको वाटणं, दचकून जागं होणं ही लक्षणं वेगळी. ती पीटीएसडीची, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाची असू शकतात आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

१७. पंधरा वर्षं मस्त गेली. आता काहीही नवीन घडलं नसताना मन का खचलंय?

'काहीही नवीन नाही' म्हणणाऱ्याला मी आधी खांद्याबद्दल विचारते. आपले खांदे पायांचं काम करतात. चाक ढकलणं, उचलून बसणं, गाडीत चढणं दिवसातून कितीतरी वेळा होतं. दहा-वीस वर्षांनी ते दुखायला लागतात. मग पूर्वी दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टीला कुणाला तरी हाक मारावी लागते. म्हणजे कमावलेलं स्वातंत्र्य दुसऱ्यांदा जातं, आणि या वेळी भेटायला कुणी येत नाही, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. याच सुमाराला आईवडील थकतात, मित्र आपापल्या संसारात गुंततात.

माझा उजवा खांदा इजेनंतर चौदाव्या वर्षी गेला. बॅटरीची मदत असलेली चाकं घ्या, असं फिजिओने सांगितलं आणि मी दोन वर्षं टाळलं. मला ती हार वाटत होती. त्या दोन वर्षांत मी बाहेर जाणं कमी केलं, मग फोन घेणं कमी केलं, आणि शेवटी मीच ज्यांना प्रश्न २ समजावत होते त्यांच्यातलीच एक झाले. गोळ्या आठ महिने घेतल्या. चाकंही घेतली.

त्यामुळे वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी करता तेव्हाच मनाचीही तपासणी करून घ्या, इजा कितीही जुनी असली तरी.

१८. बेडसोर झालाय. सहा आठवडे पालथं पडून राहायला सांगितलंय. वेड लागेल असं वाटतं. उपाय?

ही शिक्षा मी दोनदा भोगली आहे. इजेनंतर पूर्ण सावरलेली माणसंही यात खचतात, कारण काम, बाहेर पडणं, माणसं, सगळं एका दिवसात बंद होतं. वर 'लक्ष दिलं नाहीस' असं बोलणं ऐकावं लागतं. पलंग भिंतीकडे तोंड करून असेल तर तो आजच फिरवा, डोकं दाराकडे येऊ द्या, म्हणजे येणाऱ्याचा चेहरा दिसेल, नुसते पाय नाहीत. छातीखाली उशी आणि पलंगाच्या कडेला खाली स्टूलवर फोन किंवा लॅपटॉप ठेवला की मान अवघडत नाही. भेटायला येणाऱ्यांच्या वेळा वाटून द्या. सगळे पहिल्या आठवड्यात येतात आणि चौथ्या आठवड्यात कुणी नसतं. जखमेचा फोटो दर आठवड्याला त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी धरून काढा. रोज बघणाऱ्याला ती भरतेय हे कळत नाही, फोटोत कळतं. पूर्वी डिप्रेशन येऊन गेलेलं असेल तर पडून राहायला लागायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. आणि वेळ संपल्यावर लगेच आठ तास बसायला जाऊ नका. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, मग त्वचा बघायची, लाली उतरली तर दुसऱ्या दिवशी थोडं जास्त.